वायू फेकणारे क्वेसार क्ष-किरणांत मंद का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही क्वेसारांच्या (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांच्या) अतिनील वर्णपटात रुंद शोषण-रेषा दिसतात, म्हणजे त्यांच्यातून वायू प्रचंड वेगाने बाहेर पडतोय. हेच क्वेसार क्ष-किरणांत मात्र फार मंद असतात. मग तिथे क्ष-किरण मुळात कमी तयार होतात, की तयार झालेले वाटेतला वायू गिळतो? आणि क्ष-किरणांवरून त्या वायूचा वेग, वस्तुमान वगैरे कितपत खात्रीने सांगता येतं? प्रश्नकर्तीला एमएस्सीच्या प्रकल्पासाठी यातला एखादा क्वेसार घ्यायचा आहे, म्हणून शेवटी त्याबद्दलही लिहितो.

सरळ उत्तर द्यायचं तर बहुतेकांत वायूच गिळतो, पण सगळ्यांत नाही. काही क्वेसारांत क्ष-किरण खरोखरच कमी निघतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हा दुसरा गट पूर्वी वाटायचा त्याहून महत्त्वाचा ठरलाय. माझं मत असं की 'हे की ते' अशी मांडणीच थोडी फसवी आहे, कारण तो वायू वेग घेऊन सुटावा यासाठीच त्याच्यापर्यंत पोचणारे क्ष-किरण कमी असावे लागतात. हे नीट समजायला थोडं मागून यावं लागेल.

क्वेसारच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं आणि त्याभोवती आत ओढल्या जाणाऱ्या वायूची तबकडी. ही तबकडी मुख्यतः अतिनील आणि दृश्य प्रकाशात तळपते. तिचं तापमान क्ष-किरण काढण्याइतकं नसतं. क्ष-किरण येतात ते तबकडीच्या आतल्या भागाजवळच्या कोरोनातून, म्हणजे अतितप्त वायूच्या भागातून. तिथल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान अब्ज अंशांच्या घरात असतं. तबकडीचे अतिनील फोटॉन या इलेक्ट्रॉनांवर आपटतात आणि प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा उचलत क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. त्यामुळे मिळणारा वर्णपट बराच साधा असतो, एक घातीय उतार. फोटॉनांच्या संख्येने मोजला तर उताराचा घातांक साधारण १.८ ते २. यावर तबकडीवरून परतलेल्या किरणांची छाप उमटते. ६.४ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला लोहाची रेषा येते आणि २०-३० च्या आसपास एक उंचवटा येतो. (पुढे 'किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट' पुन्हा पुन्हा न लिहिता नुसता 'केव्ही' लिहितो, प्रयोगशाळेत आम्ही तसंच बोलतो.)

हा मूळ वर्णपट इतका एकसारखा असतो म्हणूनच शोषण मोजता येतं. उतार ठाऊक असला की कुठल्या ऊर्जेला किती फोटॉन गायब आहेत ते काढता येतं. इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास निसटते. आपण शोषण हायड्रोजनच्या स्तंभघनतेत सांगतो, म्हणजे दृष्टिरेषेवर दर चौरस सेंटिमीटरला हायड्रोजनचे किती अणू, पण क्ष-किरण गिळण्याचं काम हायड्रोजन जवळपास करतच नाही. ते करतात ऑक्सिजन, निऑन, सिलिकॉन, लोह यांचे आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन. हायड्रोजनचा आकडा आपण सूर्यासारखं रासायनिक प्रमाण गृहीत धरून मागाहून लावतो. क्वेसारच्या गाभ्यातल्या वायूत जड मूलद्रव्यं सूर्याच्या काही पट असू शकतात, म्हणजे हा आकडा तिथेच काही पटींनी हलला.

शोषण ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, ढोबळमानाने. स्तंभघनता १० च्या २२ व्या घाताइतकी असेल तर १ केव्हीचे बहुतेक फोटॉन अडतात. २३ वा घात असेल तर साधारण ३ केव्हीपर्यंतचा भाग साफ होतो. २४ व्या घाताच्या वर गेलात की इलेक्ट्रॉनांवरचं विकिरणही जोर धरतं आणि १० केव्हीलाही नीट काही दिसत नाही. २३ वा घात ऐकायला अवाढव्य वाटतो, पण वजनात तो दर चौरस सेंटिमीटरला पाव ग्रॅमही भरत नाही.

आता इतिहास. पीएचएल ५२०० हा या जातीचा पहिला क्वेसार. १९६७ साली त्याच्या वर्णपटात उत्सर्जन-रेषांच्या निळ्या बाजूला खोल, रुंद खळगे दिसले. कार्बन, सिलिकॉन, नायट्रोजन यांची आयनं सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत होती. पुढे दिसलं की दृश्य प्रकाशात शोधलेल्या क्वेसारांपैकी १० ते २० टक्के असे असतात. नव्वदच्या दशकात रोसॅट उपग्रहाने त्यांच्याकडे पाहिलं तर बहुतेक ठिकाणी जवळजवळ काहीच नव्हतं. १९९५ मध्ये स्मिता माथुर, मार्टिन एल्विस आणि कुलिंदर पाल सिंग यांनी जपानच्या आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांवरून पीएचएल ५२०० मध्ये २३ व्या घाताच्या आसपासचं शोषण असल्याचं मांडलं. हेच सिंग पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांच्या दुर्बिणीचे प्रमुख झाले.

या प्रकरणाला नंतर मजेदार वळण लागलं. आस्काची नजर धूसर होती, शेजारशेजारचे स्रोत तिला वेगळे दिसत नसत. २००२ मध्ये युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण उपग्रहाने तोच भाग पाहिला आणि निघालं काय, की आस्काने पकडलेल्या क्ष-किरणांचा मोठा हिस्सा शेजारच्या एका रेडिओ-स्रोताचा होता! क्वेसार स्वतः त्याहून बराच मंद. म्हणजे शोषणाची कल्पना बरोबर, पण ज्या उदाहरणावर ती उभी होती त्यातले फोटॉन परक्याचे. कुठल्याही जुन्या आकड्यावर विसंबण्याआधी तो कुठल्या दुर्बिणीचा आणि तिची नजर किती तीक्ष्ण, हे बघायची सवय यामुळे लागते.

मंदपणा मोजायचा कसा? २५०० अँगस्ट्रॉमला अतिनील तेज किती आणि २ केव्हीला क्ष-किरण तेज किती, यांच्यामधल्या उताराला अल्फा-ओएक्स म्हणतात. तेजस्वी क्वेसारांत तो उणे १.५ च्या आसपास असतो, आणि क्वेसार जितका तेजस्वी तितका हा उतार थोडा अधिक तीव्र. म्हणून नुसता उतार न पाहता, त्या तेजाच्या सामान्य क्वेसारपेक्षा तो किती घसरलाय ते पाहतात. ०.३८ ची घसरण म्हणजे क्ष-किरण १० पट कमी. रुंद शोषण-रेषांच्या क्वेसारांत ही घसरण सर्रास दिसते, काहींत १०० पटींच्याही पुढे जाते.

नासाची चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण आल्यावर चित्र स्वच्छ झालं. सारा गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ३५ क्वेसारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला वेळ थोडाच दिलेला, दोन तासांच्या आतबाहेर. इतक्या वेळात अशा क्वेसारकडून कधी पन्नास फोटॉन मिळतात तर कधी पाच. क्वेसारभोवती फोटॉन मोजायचं वर्तुळ अगदी लहान, त्यात पार्श्वभूमी जवळजवळ शून्य, म्हणून पाच फोटॉनही क्वेसार तिथे असल्याचा पक्का पुरावा ठरतात. वर्णपट काढणं अर्थातच शक्य नसतं. मग २ केव्हीच्या वरचे किती आणि खालचे किती, एवढंच मोजायचं. वरचे प्रमाणाबाहेर जास्त असतील तर खालचे कोणीतरी खाल्लेत. त्या अभ्यासातही हेच आढळलं, जितका मंद तितका कठोर (म्हणजे जास्त ऊर्जेच्या किरणांचं प्रमाण अधिक). शोषण दुरुस्त केलं की बरेचसे क्वेसार सामान्य वाटायला लागले. स्तंभघनता २२ ते २४ व्या घाताच्या दरम्यान.

अशा मोजणीत एक व्यावहारिक मेख आहे. चंद्राच्या डिटेक्टरवरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक थर साचत गेलाय. तो १ केव्हीच्या खालचे फोटॉन अडवतो आणि दरवर्षी वाढतो. त्यामुळे २००१ चं वर-खाल प्रमाण आणि २०२० चं प्रमाण थेट शेजारी ठेवायचं नाही. ठेवलंत तर प्रत्येक क्वेसार काळानुसार 'कठोर' होताना दिसेल. आधी त्या त्या वर्षाची डिटेक्टर-संवेदनशीलता लावून सामान्य उताराचं अपेक्षित प्रमाण काढा, मग तुलना करा. आणि फोटॉन इतके कमी असताना मॉडेल बसवायला काय-वर्ग हा नेहमीचा सांख्यिकी निकष वापरू नका, कमी मोजणीसाठीचा सी-स्टॅट वापरा.

बरं, स्तंभघनतेचा आकडा आला म्हणून विश्वास ठेवायचा का? इथे मी बराच साशंक असतो. आपण सहसा थंड, सलग पडदा गृहीत धरतो. प्रत्यक्षात वायू आयनीभूत असतो. ऑक्सिजनचे आतले इलेक्ट्रॉनही उडाले असतील तर तो मृदू किरण सोडून देतो, आणि तेवढंच शोषण दाखवायला कितीतरी जास्त वायू लागतो. दुसरं, पडदा सलग नसतो. स्रोताचा एखादा भाग उघडा राहिला तर तिथून मृदू फोटॉन निसटतात, आणि साध्या पडद्याच्या मॉडेलला वाटतं की शोषण फारसं नाहीच, मूळ उतारच सपाट आहे. घातांक १ च्या आसपास आला, की क्वेसार निराळा आहे असं समजण्याआधी अर्धवट झाकलेला स्रोत तपासायचा. क्ष-किरण वर्णपटांना मॉडेल बसवायच्या एक्सस्पेक या संगणक-प्रणालीत यासाठी झेडएक्सआयपीसीएफ नावाचं तयार मॉडेल आहे. सुरुवातीला ठीक, पण त्याची जाळी ढोबळ आहे आणि वायूतली खळबळ एकाच ठरावीक वेगाची धरलेली आहे. त्यावरून आयनीभवनाचे आकडे दशांशापर्यंत छापणारे शोधनिबंध वाचताना मी ते दशांश सोडून देतो.

अतिनील बाजूलाही असाच घोळ होता. तिथल्या रेषांचे खळगे तळाशी सपाट असतात पण पूर्ण काळे नसतात. पूर्वी त्याचा अर्थ 'शोषण अर्धंमुर्धं' असा घेतला जाई आणि वायूचं प्रमाण क्ष-किरणांनी सांगितलेल्या प्रमाणाच्या कितीतरी खाली निघे. मग कळलं की रेषा पूर्ण संपृक्त आहेत, म्हणजे वायू त्याच्यावर पडणारा त्या तरंगलांबीचा सगळा प्रकाश गिळतो, वायूने फक्त स्रोताचा सगळा चेहरा झाकलेला नाही. उरलेला प्रकाश बाजूने येतो. दोन्ही बाजूंच्या आकड्यांतलं अंतर यामुळे बरंच कमी झालं. तरी दोन्हीकडे दिसणारा वायू एकच असतो, असं मात्र नाही.

आता ज्यांत शोषण पुरं पडत नाही ते क्वेसार. मार्केरियन २३१ हा आपल्याला सर्वांत जवळचा रुंद शोषण-रेषांचा क्वेसार, सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवर. अनेक वर्षं समज असा की त्याच्यासमोर २४ व्या घाताच्या वरची जाड भिंत आहे आणि १० केव्हीच्या खाली दिसतात ते नुसते इकडून तिकडून उडालेले किरण. तसं असेल तर भिंतीपलीकडून कठोर किरण आले पाहिजेत, आणि उडालेल्या किरणांत ६.४ केव्हीची लोहाची रेषा ठळक दिसली पाहिजे. २०१२ मध्ये नुस्टार उपग्रह गेला आणि १० केव्हीच्या पुढचा भाग पहिल्यांदा स्वच्छ दिसू लागला. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा कठोर किरणही कमी आणि लोहाची रेषाही क्षीण. शोषण आहे, पण २३ व्या घाताच्या आसपासचं. ते दुरुस्त केल्यावर २ ते १० केव्हीमधलं तेज एकूण तेजाच्या अवघं ०.०३ टक्के उरलं. सामान्यतः ते २ ते १५ टक्के असतं. इथे कोरोनाच अशक्त आहे. पीजी १००४+१३० आणि पीजी १७००+५१८ यांच्याबाबतही नुस्टारने त्याच दिशेने बोट दाखवलं.

असे क्वेसार एकंदरीत किती, याबद्दल मी सावध राहीन. कठोर भागात नीट पाहिलेले थोडेच आहेत. पण ते आहेत, एवढ्यानेच कथा बदलते, कारण मग विचारावं लागतं की वायूचा झोत आणि अशक्त कोरोना एकत्र का सापडतात.

उत्तर वायूला ढकलणाऱ्या बळात आहे. तबकडीवरून वायू उचलला जातो तो मुख्यतः अतिनील प्रकाशाच्या दाबाने, आणि हा दाब प्रभावी होतो तो वर्णपटरेषांमुळे. मुक्त इलेक्ट्रॉनवर प्रकाशाचा दाब अगदी क्षीण. पण कार्बन, लोह वगैरेंच्या आयनांत अजून काही इलेक्ट्रॉन बांधलेले असतील, तर ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अधाशासारखा पकडतात आणि बळ हजार पटींच्याही वर जाऊ शकतं. हे बांधलेले इलेक्ट्रॉन म्हणजे वायूची शिडं. क्ष-किरण त्यांना फाडून टाकतात. आयनीभवन एका मर्यादेपलीकडे गेलं की शिडं उरत नाहीत, समोर कितीही प्रखर अतिनील प्रकाश असला तरी वायू वेग घेत नाही आणि परत खाली पडतो. उष्ण ताऱ्यांचे वारे याच तत्त्वावर चालतात. हे गणित कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी १९७५ मध्ये ताऱ्यांसाठीच मांडलं होतं. ताऱ्यांजवळ क्ष-किरण नगण्य असतात, क्वेसारजवळ भरपूर. म्हणून क्वेसारचा वारा सुटतोच कसा, हा खरा पेच.

१९९५ मध्ये मरे, चियांग आणि सहकाऱ्यांनी तोड सुचवली. झोताच्या आतल्या बाजूला आणखी एक दाट, आयनीभूत वायूची भिंत असावी, जी क्ष-किरण अडवेल पण अतिनील जाऊ देईल. तिच्या आडोशाला बाहेरचा वायू शिडं शाबूत ठेवून सुटेल. २००० मध्ये प्रोगा, स्टोन आणि कॅलमन यांच्या संगणकीय प्रतिरूपांत अशी भिंत बऱ्यापैकी आपोआप तयार झाली. कृष्णविवराजवळून उठलेला वायू क्ष-किरणांनी अतिआयनीभूत होऊन कोसळतो, आणि तो कोसळणारा वायूच मागच्याला आडोसा देतो. प्रोगाने पुढे असंही सुचवलं की हा फसलेला वारा कोरोनात पडून त्यालाच थंड करू शकतो. ही कल्पना मला आवडते, कारण तिच्यात शोषण आणि अशक्त कोरोना हे एकाच प्रक्रियेचे दोन परिणाम होतात. सिद्ध झाली असं मात्र म्हणणार नाही. मार्केरियन २३१ मध्ये कोरोना वाऱ्यामुळे विझला, की कोरोना अशक्त म्हणून वारा सुटला, हे आजच्या निरीक्षणांवरून सांगता येत नाही.

आडोशाच्या बाजूने मात्र चांगला पुरावा आहे. वर उल्लेखलेल्या ३५ क्वेसारांत जे क्ष-किरणांत अधिक मंद, त्यांच्या अतिनील झोताचा कमाल वेग अधिक असल्याचं दिसलं. क्ष-किरण जितके कमी पोचतात तितका वायू जास्त पळतो.

आणि एकदा तर आडोसा उभा राहिलेला जवळजवळ डोळ्यांसमोर दिसला. एनजीसी ५५४८ ही क्वेसारच्या धाकट्या भावंडांपैकी, सायफर्ट जातीची दीर्घिका, दशकानुदशकं अभ्यासलेली. २०१३ मध्ये अनेक दुर्बिणी एकाच वेळी तिच्याकडे वळवल्या तर मृदू क्ष-किरणांपैकी ९० टक्के गायब! जुन्या नोंदींत असं काही नव्हतं. त्याच सुमारास हबल दुर्बिणीच्या अतिनील वर्णपटात सेकंदाला ५००० किलोमीटरपर्यंत वेगाचे नवे रुंद खळगे उमटले होते. मध्यापासून काही प्रकाशदिवसांच्या अंतरावर वायूचा नवा लोट दृष्टिरेषेत आला होता आणि त्याच्या सावलीत दूरचा जुना वायूही थंड पडला होता. कास्त्रा आणि सहकाऱ्यांचा हा २०१४ चा शोधनिबंध मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो.

दूरच्या क्वेसारांतही रेषा वर्षांच्या अवधीत बदलतात, नव्या उमटतात, जुन्या पुसल्या जातात. जुन्नरजवळच्या गिरवलीत आयुका या पुण्याच्या खगोल-संशोधन संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. तिच्यातून आर. श्रीआनंद, एम. विवेक यांच्या गटाने अशा क्वेसारांच्या बदलत्या रेषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मोठ्या दुर्बिणींवर इतका वेळ सलग कोणी देत नाही. हे काम मध्यम दुर्बिणींचंच.

इथपर्यंतचे क्ष-किरण फक्त 'किती वायू' ते सांगत होते. वेग सांगायचा तर रेषा हव्यात, आणि अतिउष्ण वायूत शेवटपर्यंत टिकणारी रेषा लोहाची. दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोहाची ६.७ केव्हीला, एकच उरलेल्याची ६.९७ ला. वायू आपल्याकडे येत असेल तर ती आणखी वर सरकते. उदाहरणार्थ, प्रकाशवेगाच्या पाव पट वेगाने येणाऱ्या वायूत ६.९७ ची रेषा क्वेसारच्या चौकटीत ९ केव्हीला जाते. क्वेसारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ०.१८४ असेल तर आपल्याला ती ७.६ ला दिसेल. ही ताम्रसृती मी सहज घेतलेली नाही, ती पीडीएस ४५६ ची आहे. त्याकडे येतोच.

२००२ मध्ये चार्टास आणि सहकाऱ्यांनी एपीएम ०८२७९+५२५५ मध्ये ८.१ आणि ९.८ केव्हीला शोषण सांगितलं, म्हणजे प्रकाशवेगाच्या ०.२ आणि ०.४ पट. हा क्वेसार ३.९१ ताम्रसृतीला आहे, वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगामुळे आपल्याला तेजस्वी दिसतो, आणि ताम्रसृतीमुळे त्या रेषा खाली सरकून १.६५ आणि २ केव्हीला येतात, जिथे चंद्रा सर्वांत संवेदनशील आहे. पण २ च्या जवळच चंद्राच्या आरशांवरच्या इरिडियमचीही कड आहे, तिथे दुर्बिणीची संवेदनशीलताच एकदम बदलते. म्हणून ०.२ चा आकडा मी सहज मानतो, ०.४ ला थोडा थबकतो. पुढच्याच वर्षी पीजी १२११+१४३ मध्ये पाउंड्स यांनी प्रकाशवेगाच्या सुमारे एक दशांश वेग सांगितला, आणि २००६ मध्ये कॅस्पी व बेहार यांनी तीच निरीक्षणं वापरून 'वेग ३००० किलोमीटर, बस्स' असं म्हटलं. निरीक्षणं तीच, रेषांची ओळख वेगळी, उत्तरात दसपट फरक.

अशा एकट्यादुकट्या रेषेवर विश्वास ठेवण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. पहिली, ती रेषा शोधताना किती ऊर्जा चाळल्या. ६ पासून १० पर्यंत कुठेही खळगा चालणार असेल तर शंभरात एखाद्या वेळी घडणारा योगायोग हमखास कुठेतरी सापडतो. त्यासाठी बनावट वर्णपट हजारांनी तयार करून त्यांतही तोच शोध घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट डिटेक्टरची. एक्सएमएमच्या पीएन कॅमेऱ्यामागच्या इलेक्ट्रॉनिक्समधलं तांबं ८ केव्हीच्या आसपास स्वतःची रेषा सोडतं. ही रेषा कॅमेऱ्याच्या कडेच्या भागात जोरात येते आणि मध्यभागी जवळजवळ नसते. क्वेसार मध्यभागी. पार्श्वभूमी कडेची घेतली की आपण क्वेसारच्या वर्णपटातून तिथे नसलेली तांब्याची रेषा वजा करतो, आणि ८ केव्हीला सुबक शोषण-रेषा तयार! प्रकाशवेगाच्या काही दशांश वेगाचे झोत नेमके ७ ते ९ केव्हीला शोधायचे असतात, म्हणजे सापळा ऐन वाटेवर आहे. पार्श्वभूमीचा तुकडा त्या तांबे-मुक्त मधल्या भागातूनच घ्यायचा, आणि एक्सएमएमच्याच मॉस या दुसऱ्या कॅमेऱ्यांत तीच रेषा दिसते का ते पाहायचं.

या सगळ्या चाळणीतून पीडीएस ४५६ तरला. ब्राझीलमधल्या पिको दोस दियास सर्वेक्षणात १९९७ मध्ये सापडलेला हा क्वेसार जवळच्या विश्वातला सर्वांत तेजस्वी म्हणावा असा. २०१५ मध्ये नार्दिनी आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम आणि नुस्टार यांनी एकाच वेळी केलेली पाच निरीक्षणं मांडली. शोषणाचा खळगा होताच, शिवाय त्याच्या खालच्या बाजूला रुंद उत्सर्जनही होतं. याला महत्त्व फार. शोषण फक्त आपल्या दृष्टिरेषेवरचा वायू दाखवतं. उत्सर्जन बाकीच्या दिशांनी गेलेल्या वायूचंही येतं. दोन्हींचं प्रमाण पाहिलं की झोत अरुंद फवारा आहे की सगळीकडे पसरलाय ते कळतं. इथे तो जवळपास सर्व दिशांना होता. त्यावरून वर्षाला सुमारे १० सूर्यांइतकं वस्तुमान आणि एकूण तेजाच्या २० टक्क्यांच्या आसपास गतिज शक्ती, असा हिशेब निघाला. यजमान दीर्घिकेतली ताऱ्यांची निर्मिती रोखायला एक-दोन ते पाच टक्केही पुरतात असं सिद्धान्त सांगतो.

मग आला क्रिझम. सप्टेंबर २०२३ मध्ये जपानमधून गेलेल्या या उपग्रहातला उपकरणसंच ६ केव्हीला ५ इलेक्ट्रॉनव्होल्टांइतका बारीक फरक ओळखतो, पीएनच्या कितीतरी पट सूक्ष्म. २०२५ मध्ये पीडीएस ४५६ चा निकाल आला. आधी जो एकच रुंद खळगा वाटत होता, त्यात प्रकाशवेगाच्या २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यानचे पाच वेगवेगळे प्रवाह निघाले. वारा सलग नाही, गुठळ्यांचा आहे. त्यांची संख्या दहा लाखांपर्यंत असू शकते. वस्तुमानाचा दर वर्षाला ६० ते ३०० सूर्य, आणि शक्ती एडिंग्टन मर्यादेच्याही (प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोडीस तोड ठरतो त्या तेजाच्याही) वर. हीच शक्ती दीर्घिकेत दूरवर दिसणाऱ्या वायूच्या प्रवाहांपेक्षा हजार पटींहून जास्त. एवढी ऊर्जा दीर्घिकेला खरोखर मिळत असती तर बाहेरचे प्रवाह असे शांत दिसले नसते. म्हणजे एकतर असा वारा क्वेसारच्या आयुष्यात क्वचितच सुटतो, किंवा गुठळ्या दीर्घिकेच्या वायूमधल्या मोकळ्या जागांतून निघून जातात.

१० आणि ३०० यांमधला फरक पाहून दचकू नका. वस्तुमानाच्या दरात स्तंभघनता, वेग, व्यापलेला कोन आणि मध्यापासूनचं अंतर यांचा गुणाकार असतो. वेग चांगला कळतो, स्तंभघनता बरी कळते, अंतर जवळजवळ कधीच थेट कळत नाही. ते वर्णपट किती झपाट्याने बदलतो यावरून किंवा आयनीभवनावरून अदमासाने काढतात. शिवाय शक्ती वेगाच्या घनावर जाते, म्हणून रेषा ६.७ ची की ६.९७ ची एवढ्या ओळखीनेही उत्तर हलतं.

ॲस्ट्रोसॅटचं काय, असंही पुष्कळ जण विचारतात. त्याच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीचं परिणामी क्षेत्रफळ १.५ केव्हीला ९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणून २ ताम्रसृतीचे मंद क्वेसार तिच्या आवाक्याबाहेर. पण जवळच्या तेजस्वी सायफर्ट दीर्घिकांसाठी तिचा एक फायदा खास आहे, अतिनील दुर्बीण त्याच उपग्रहावर आहे. अल्फा-ओएक्स काढताना अतिनील आकडा एका वर्षीचा आणि क्ष-किरण आकडा दुसऱ्या वर्षीचा, ही नेहमीची अडचण. इथे दोन्ही एकाच क्षणाचे मिळतात.

प्रकल्पासाठी मी पीडीएस ४५६ सुचवेन. एक्सएमएमची अनेक वर्षांची निरीक्षणं संग्रहात खुली आहेत, नुस्टारचीही. नार्दिनी यांनी वापरलेल्या पाचांपैकी एक घ्या. आधी ३ ते १० केव्ही एवढाच भाग साध्या उताराने बसवा आणि अवशेष, म्हणजे निरीक्षण आणि मॉडेल यांतला फरक, बघा. ७ ते ९ च्या दरम्यान खळगा दिसेल. मग मुद्दाम पार्श्वभूमी एकदा कॅमेऱ्याच्या कडेची आणि एकदा मधली घेऊन ८ केव्हीजवळ काय फरक पडतो ते काढा. हा एकच आलेख प्रकल्प-अहवालात असला तरी परीक्षकांना कळेल की काम स्वतः केलंय. त्यानंतर दुसऱ्या वर्षाचं निरीक्षण घेऊन खळग्याची खोली आणि जागा बदलली का ते पाहा. मार्केरियन २३१ ही मोहात पाडतो, पण त्याच्या मृदू भागात ताऱ्यांच्या निर्मितीतून येणारे क्ष-किरण मिसळलेले असतात आणि ते वेगळे काढण्यात अर्धं सत्र जाईल. तो पीएचडीसाठी ठेवा.